पाणी उपसणारं जंगल : इतवारी ते सिल्लारी

शुक्रवार, इतवारी

१ जुलैपासून तीन महिने पेंच व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पर्यटकांना बंद होतो. त्याआधीचा शेवटचा आठवडा आम्ही कसाबसा गाठला. मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. वर्षावनांची तोड आणि हवामान हा भाग दर वर्षी फळ्यावर सुरू होतो आणि फळ्यावरच संपतो. यंदा माझी लेक सई बारावीत आहे. तिला तो जंगलात उभं राहून समजावा, एवढाच या प्रवासाचा हेतू. आता नागपूर २१ अंश उत्तरेला आहे आणि इथलं जंगल शुष्क पानझडी. पेंच म्हणजे ॲमेझॉन नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. पण झाड पाण्याचं काय करतं ते इथंही दिसतं, आणि पेंच घरापासून दोन तासांवर आहे.

बरोबर मामा. वनखात्यात वनरक्षक म्हणून लागले, वनपाल म्हणून निवृत्त झाले. गुडघे दुखतात, पण जंगल म्हटलं की पिशवी आधी तयार.

वाटेतल्या खाण्यासाठी नागपूरच्या इतवारी बाजारात गेलो. शेव, चिवडा, बिस्किटं. सईला पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायची सवय आहे. एकामागून एक पाकीट उलटून तिनं वाचून दाखवलं, पामोलिन, पामतेल, पुन्हा पामोलिन. दुकानदार म्हणाले, "ताई, फरसाण असो, समोसा असो, तर्री-पोह्याची तर्री असो, कढईत बहुतेक ठिकाणी हेच. तुम्हाला आठवते का, २०२२ मध्ये इंडोनेशियानं एप्रिलअखेर निर्यात बंद केली होती? तीन-साडेतीन आठवडे. सकाळचा भाव इथं संध्याकाळी राहत नव्हता."

मला तिथंच थांबून राहावंसं वाटलं. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आपला देश आहे. जगातल्या पामतेलापैकी पाचातले चार भाग आणि वर थोडं, एवढं एकट्या इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर जिथं आज तेलताडाच्या सरळ रांगा आहेत, त्यातल्या मोठ्या भागावर काही दशकांपूर्वी वर्षावन होतं. त्यातही वाईट म्हणजे दलदलीवरचं जंगल. तिथल्या जमिनीत हजारो वर्षांचा अर्धवट कुजलेला पाला थरांवर थर साचलेला असतो. लागवडीसाठी चर खणून ती दलदल कोरडी केली की ती पेटते आणि जमिनीच्या पोटात धुमसत राहते. २०१५ साली तिथल्या आगींचा धूर समुद्र ओलांडून सिंगापूर-मलेशियावर आठवडेच्या आठवडे बसून होता. झाडात होता तो कार्बन तर गेलाच, जमिनीत हजारो वर्षं निजलेला होता तोही हवेत गेला.

"म्हणजे आपल्या शेवेत जंगल आहे," सई म्हणाली. मी हो म्हटलं. शेव घेतली नाही असं मात्र नाही. चार बिऱ्हाडांनी शेव सोडल्यानं बोर्निओत झाड उभं राहत नाही. तेल कुठल्या जमिनीतून आलं हे विकणाऱ्याला सांगावं लागेल असा कायदा आणि तो विचारणारं सरकार असेल, तर राहतं.

शनिवार, महामार्ग ४४

पहाटे निघालो. यंदा पाऊस लांबला होता. विदर्भात जूनचा तिसरा आठवडा उलटूनही आभाळ नुसतं भरून यायचं. रात्रभर कूलर चालूनही अंग चिकचिकत होतं, कारण हवेतच ओल इतकी की कूलरच्या गवती ताट्यांतलं पाणी उडायलाच तयार नव्हतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तेच पाणी उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून खोली गार होते. याच नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा आम्ही त्या ताट्यांच्या भरवशावरच जगलो.

कामठी, कन्हानचा पूल, मनसरचे मँगनीजच्या खाणींचे ढिगारे, आणि मग दोन्ही बाजूंना साग. देवलापारपासून खवाशाकडे रस्ता जंगल कापत जातो. हा महामार्ग चौपदरी करताना हजारो झाडं गेली. त्याविरुद्ध लोक न्यायालयात गेले, वर्षानुवर्षं भांडले, आणि म्हणून आज महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता नऊ ठिकाणी खांबांवर उचललेला आहे. खालून जंगल सलग. सगळ्यांत लांब भाग ७५० मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं कॅमेरे लावले, तर वाघ, रानकुत्रे, चितळ, सगळे खालून ये-जा करताना टिपले गेले. मामांनी गाडी कडेला घ्यायला लावली. खांबांखालच्या मऊ मातीत सांबराचे खूर होते. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"पाहून राहिली ना? भांडलं तर होते," एवढंच बोलले.

पवनीहून सिल्लारीकडे वळलो तशी हवा बदलली. ऐन, धावडा, लेंडिया नव्या पानांनी भरले होते. सावलीत शिरलं की अंगावरचा घाम वाळतो हे पहिल्यांदा सईच्या लक्षात आलं. "आजोबा, सावली तर घराचीपण असते. मग घरात का नाही असं?" मामा म्हणाले, "घर नुसतं ऊन अडवते. झाड ऊन घेते अन् पाणी उडवते." त्यांनी भूगोलाचं पुस्तक कधी उघडलं नसेल. पण कूलर आणि जंगल एकाच नियमानं गार करतात, हे मी वर्गात पाऊण तास घालवून सांगते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. फरक इतकाच की कूलरमध्ये पाणी आपण भरतो, झाडाला मात्र ते जमिनीतून स्वतः उपसावं लागतं.

संध्याकाळची सफारी झाली. वाघ दिसला नाही. गव्यांचा कळप दिसला आणि नवरंगाची शीळ जिथं जाऊ तिथं ऐकू येत होती.

रविवार, नाल्याकाठी

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्या शेतामागून एक नाला जातो. पाणी आटलेलं, नुसते डोह उरलेले, पण काठावर जांभूळ, करंज, अर्जुन हिरवेगार. उन्हाळाभर बाकी जंगल निष्पर्ण झालं तरी नाल्याकाठ हिरवा राहतो, कारण मुळं खाली ओलीपर्यंत पोचलेली असतात. जांभळं पिकून खाली सडा पडला होता. घरमालकाची परवानगी घेऊन आम्ही जांभळाच्या एका पालेदार डहाळीवर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि तोंड सुतळीनं घट्ट बांधलं. वेळ सकाळी दहाची.

अर्ध्या तासात पिशवी आतून धुरकट झाली. तासाभरानं धूर फुटून थेंब झाले. आधी मोहरीएवढे, मग दोन-दोन एकमेकांत मिसळून जड झाले, आणि पिशवीच्या भिंतीवरून वाट काढत खालच्या कोपऱ्यात उतरू लागले. सई मांडी घालून समोर बसली होती. दुपारी तीनला सुतळी सोडली तेव्हा कोपऱ्यात पाणी साचलेलं. स्टीलच्या पेल्यात ओतलं तर तळ झाकून वर दोन बोटं चढलं. तिनं चाखून पाहिलं. "काहीच चव नाही," म्हणाली. चव कुठून असणार? पानाच्या खालच्या अंगाला असलेल्या बारीक छिद्रांतून ते वाफ होऊन आलेलं होतं, मातीतले क्षार मागे ठेवून.

एक डहाळी, पाच तास. मग झाड किती उपसत असेल, जंगल किती, याचा हिशेब सईनंच सुरू केला आणि मला हवी होती ती वाट सापडली.

ॲमेझॉनच्या खोऱ्यात वीस मीटर पसाऱ्याचं एखादं मोठं झाड दिवसाला हजार लिटरपर्यंत पाणी हवेत सोडतं. अँतोनियो नोब्रे या ब्राझिलियन शास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार सगळं ॲमेझॉनचं जंगल मिळून रोज सुमारे २० अब्ज टन पाणी वर पाठवतं. खुद्द ॲमेझॉन नदी, जगातली सर्वांत मोठी, समुद्रात ओतते ते सुमारे १७ अब्ज टन. जमिनीवरून वाहणाऱ्या नदीपेक्षा झाडांच्या माथ्यावरून वाहणारी नदी मोठी आहे. तिकडचे लोक तिला उडती नदी म्हणतात, आणि ती दक्षिणेकडे वळून ब्राझीलच्या शेतांवर आणि साओ पाउलोसारख्या शहरांवर बरसते.

हे नुसतं अंदाजानं म्हटलेलं नाही. एनेआस सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात सहकाऱ्यांसह पावसाचं पाणी गोळा केलं, समुद्रकिनाऱ्यापासून थेट आत पश्चिमेपर्यंत. पाण्यात ऑक्सिजनचे हलके आणि जड असे दोन्ही प्रकारचे अणू असतात. ढग जमिनीवरून जात बरसत गेला की जड अणू आधी पडतात, म्हणून जसजसं आत जावं तसतसं पावसात जड अणू भराभर कमी व्हायला हवेत. ते तसे कमी होत नव्हते. याचा अर्थ वाटेत कोणीतरी पडलेलं पाणी जसंच्या तसं पुन्हा हवेत घालत होतं. ते कोणीतरी म्हणजे जंगल. अटलांटिकवरून आलेली वाफ अँडीज पर्वताला टेकेपर्यंत पाच-सहा वेळा पडते आणि पुन्हा उडते. ॲमेझॉनच्या पावसापैकी जवळपास निम्मा त्या जंगलानंच घडवलेला असतो, हा निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता यातली मधली झाडं काढा. कुरण करा, सोयाबीन पेरा. तिथं तोडलेल्या जमिनीचा सर्वांत मोठा वाटा गुरांच्या कुरणांकडेच गेला आहे. गवताची मुळं उथळ, कोरड्या महिन्यांत ते वाळतं आणि पाणी वर जाणं थांबतं. मग पुढच्या जंगलाला पाऊस कमी. ते अशक्त होतं, पेटतं, आणि त्याच्याही पुढच्याला आणखी कमी. टॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे यांनी २०१८ मध्ये इशारा दिला की २० ते २५ टक्के जंगल गेलं तर मोठा भाग आपोआप माळरान व्हायला लागेल. सुमारे १७ टक्के आधीच गेलेलं आहे. लुसियाना गात्ती आणि त्यांच्या गटानं २०१० ते २०१८ या काळात विमानातून हवेचे नमुने घेतले. २०२१ मध्ये त्यांनी दाखवलं की ॲमेझॉनचा आग्नेय भाग आता जितका कार्बन शोषतो त्यापेक्षा जास्त सोडतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मनाउस शहराजवळ रिओ नेग्रो नदीची पातळी शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदींत सर्वांत खाली गेली होती. वर्षावनाच्या पोटातलं शहर आणि बंदरात बोटी वाळूवर टेकलेल्या.

हा विनाश अटळ आहे असं मात्र कोणी म्हणू नये. ब्राझीलच्या उपग्रह नोंदी १९८८ पासून आहेत. २००४ साली ॲमेझॉनमध्ये एका वर्षात २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल तुटलं. आपला नागपूर जिल्हा ९,८९२ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे जवळजवळ तीन जिल्हे. २०१२ पर्यंत तो आकडा ४,५७१ वर आला. उपग्रहाची नजर, जागेवर जाऊन कारवाई, राखीव क्षेत्रं, आणि तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन न घेण्याचा व्यापाऱ्यांचा २००६ चा करार, यानं तो आला. मग धोरण ढिलं पडलं आणि २०२१ मध्ये तो १३,०३८ झाला. पुन्हा कडक झाल्यावर २०२४ मध्ये ६,२८८. जंगल तेच, पाऊस तोच, फक्त सरकारची इच्छा बदलली. मला या आकड्यांइतकं धीर देणारं दुसरं काही या विषयात दिसत नाही.

"पण आपला पाऊस तर समुद्रातून येतो ना?" सईनं विचारलं. येतो. अरबी समुद्रातून आणि बंगालच्या उपसागरातून. ॲमेझॉन कापल्यानं पेंचचा पाऊस उद्या थांबणार नाही. पण आपलंही गणित पूर्ण समुद्राचं नाही. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की भारतात जंगलाची शेतजमीन झाल्यानं जमिनीवरून वर जाणारी वाफ घटली आणि त्यानं मोसमी पाऊसही कमजोर झाला, विशेषतः ईशान्येत आणि गंगेच्या खोऱ्यात. आणि कार्बनला तर देशाची सीमाच नाही. बोर्निओत पेटलेला थर नागपूरच्या मे महिन्यातही जमा होतो.

सोमवार, पाऊस

रात्री दोनला आला. पत्र्यावर नुसता ताशा. पहाटे थांबला आणि मामांनी आम्हाला चहाआधीच बाहेर काढलं. "आत्ताच पाहायचं असते," म्हणाले.

आधी सागाच्या रोपवनात नेलं. सरळ रांगा, सारखी उंची. उन्हाळ्यात कोणीतरी मोहफुलं वेचायला पाला जाळला असावा, आग इथवर आली होती आणि खालची जमीन उघडी होती. आभाळातून पाऊस थांबला होता तरी सागाच्या सुपाएवढ्या पानांवरून थेंब टपकत होते. पावसाच्या थेंबापेक्षा ते कितीतरी मोठे. एकेक थेंब मातीवर आपटला की भोवती बारीक चिखल उडे, खोडांना वीतभर उंचीपर्यंत तांबडे शिंतोडे. मामा खाली बसले आणि बोटानं दाखवलं. प्रत्येक खड्याखाली मातीचा छोटा खांब उभा होता, करंगळीच्या पेराएवढा. खड्यानं आपल्याखालची माती वाचवली, आजूबाजूची सगळी धुऊन गेली. अशा शेकडो खांबांवर शेकडो खडे. त्या एका पेराच्या उंचीइतकी माती तिथून गेलेली.

मग वीस पावलं पलीकडे, जिथं जुनं मिश्र जंगल उरलंय. ऐनाखाली धावडा, त्याखाली कुडा, त्याखाली गवत आणि वेली, सगळ्यांत खाली पाल्याचा थर. थेंब वरून निघून तीन-चार ठिकाणी अडून खाली पोचत होता. मामांनी पाला उकरला. वरची पानं ओली, खालची कुजून काळी, त्याखाली माती भुसभुशीत, गांडुळांनी पोखरलेली. शिंतोडे कुठंच नाहीत. नाल्यात आलेलं पाणीही दोन तऱ्हांचं होतं. रोपवनाकडून येणारी धार लाल, मिश्र जंगलाकडून येणारी जवळजवळ नितळ आणि बरीच बारीक. बाकीचं पाणी जमिनीत मुरलं होतं. तेच हिवाळ्यात, उन्हाळ्यात झरत राहणार, आणि तेच जांभळाच्या पिशवीत उतरणार.

"हे रोपवन आम्हीच लावलं," मामा म्हणाले. "तेव्हा हुकूमच होता. मिश्र जंगलाचा कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला तुकडा, पाडायचा, जाळायचा, साग लावायचा. सागाले भाव होता, ऐनाले कोण विचारते?" १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगानं देशभर हीच दिशा दिली होती, किफायतीची झाडं लावा, उत्पादन वाढवा. १९८८ च्या वननीतीनं ती बदलली आणि पर्यावरणाचा तोल हा पहिला उद्देश ठरवला. पण लावलेलं उभं आहे आणि मोजदादीतही आहे. आपल्या देशाच्या वन सर्वेक्षणात एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर दहा टक्के भागावर झाडांचं छत्र असलं की ते वनाच्छादन धरतात, झाड कुठलं, जमीन कुणाची, लावलेलं की आपोआप आलेलं, हे न पाहता. वरून हिरवं ते हिरवं. म्हणून अहवालात आच्छादन वाढू शकतं आणि त्याच वर्षी जुनं जंगल घटूही शकतं. जगभरच्या आकड्यांतही फरक कळतो तो मूळ जंगलाचा हिशेब वेगळा काढल्यावर. २०२४ मध्ये उष्ण प्रदेशातलं ६७ लाख हेक्टर मूळ वर्षावन गेलं, ६७ हजार चौरस किलोमीटर, नागपूरसारखे जवळपास सात जिल्हे. त्यात आगीचा वाटा सर्वांत मोठा होता. त्याबदली कुठं किती रोपं लावली हे सांगून ती भरपाई होत नाही. रोपाला वीतभर मूळ असतं. नाल्याकाठच्या जांभळाचं काम ते पन्नास वर्षांनी करील, तेही बाजूचं बाकी सगळं जिवंत राहिलं तर.

परतताना नवेगाव खैरीच्या जलाशयापाशी दहा मिनिटं थांबलो. तोतलाडोहमधून आलेलं हे पाणी नागपूरच्या नळांत येतं. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह तळाला गेलं तेव्हा शहरात दिवसाआड पाणी होतं. कमी पाऊस आणि वरच्या धरणात अडलेलं पाणी, ही त्याची कारणं. जंगलानं तेव्हा पाऊस पाडला नसता, पण लाल धार जितकी जास्त तितका या जलाशयांत गाळ जास्त, आणि गाळानं भरलेली जागा पुन्हा पाण्याला मिळत नाही.

मंगळवार, घरी

आमच्या भागात रस्तारुंदीसाठी कडुनिंब, वड आणि शिरीष तोडायच्या नोटिसा झाडांवर चिकटवल्या आहेत. राज्याच्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली, तिच्यानुसार तोडल्या जाणाऱ्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं बदल्यात लावायची आहेत. नोटिशीत झाडांची संख्या आहे, वय एकाचंही नाही.

मी आणि सईनं टेप घेऊन बुंध्यांचे घेर मोजले, मामांनी प्रत्येकाच्या वयाचा अंदाज सांगितला. हरकतीच्या अर्जात तीन गोष्टी मागितल्या. प्रत्येक झाडाचं वय अधिकृत तपासणीनं लिहून द्या. बदल्यातली रोपं शहराबाहेर नको, आमच्याच भागातल्या नाल्याच्या काठी, स्थानिक जातींची आणि मिश्र असू द्या. आणि वडाच्या बाजूनं रस्ता दोन मीटर सरकवता येतो का, त्याचा नकाशा सुनावणीआधी दाखवा. तो सरकतो असं आमच्या मोजणीत दिसतंय, मधल्या दुभाजकाची रुंदी कमी केली तर. अर्ज आज दिला, पोच घेतली. सुनावणीला मामाही येणार आहेत, आणि गल्लीतल्या ज्यांना ज्यांना त्या वडाखाली गाडी लावायला आवडते त्यांनाही मी सांगून आले आहे.